फ्लॅश व्हीईपीत ‘रिस्पॉन्स आहे’ म्हणजे बाळाला दिसतं का?

मालवण तालुक्यातल्या एका बाबांनी विचारलंय. मुलगी सात महिन्यांची आहे. ३४ आठवड्यांना जन्मली, जन्मल्यावर लगेच रडली नाही, नऊ दिवस काचेच्या पेटीत होती. आता आवाजाकडे मान वळवते, आईचा आवाज आला की हसते, पण चेहऱ्याकडे नजर लावत नाही. माडाच्या झावळांमधून ऊन हललं की मात्र तिकडे टक लावून बघते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाहुल्या मोठ्या करून आतून तपासलं. पडदा आणि नस दोन्ही ठीक दिसले. मग झोपेचं औषध देऊन फ्लॅश व्हीईपी झाली, म्हणजे डोळ्यांसमोर उजेड चमकवून मेंदूत उमटणारी वीज टिपायची चाचणी. रिपोर्टमध्ये लिहिलंय, ‘दोन्ही डोळ्यांचा रिस्पॉन्स आहे, पी-२ १५८ मिलीसेकंदांना, डिलेड.’ बाबा लिहितात, “आजी रोज विचारते, चेडवाक दिसता काय नाय, तेवढा सांगा. मी काय सांगू? तिला दिसतं का, किती दिसतं, आणि मुंबईला जाऊन चाचणी पुन्हा करू का?”

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. डोळ्यांच्या आणि मेंदूच्या विजेच्या चाचण्या गेली एकोणीस वर्षं करते, आधी मुंबईत आणि आता रत्नागिरीत. औषधोपचार तुमचे डॉक्टर ठरवतील, पण हा रिपोर्ट काय म्हणतो आणि काय म्हणत नाही, ते मी नीट सांगू शकते.

आधी थेट उत्तर देते, कारण तुम्ही त्याचीच वाट बघत असाल. उजेडाचा निरोप तुमच्या मुलीच्या मेंदूच्या मागच्या भागापर्यंत पोचतोय. ही खरी आणि चांगली बातमी आहे. तिला किती बारीक दिसतं, हे या चाचणीतून कळत नाही. ती त्यासाठी नाहीच. ‘डिलेड’ या शब्दावर आत्ता रात्रीची झोप घालवू नका, त्याची कारणं खाली सांगते. चाचणी पुन्हा करावी, पण हीच नाही, दुसऱ्या प्रकारची, मुलगी जागी असताना, आणि थोडे दिवस जाऊ देऊन. तोवर घरी करायचं काम मात्र आजपासून सुरू करायचं.

आता यामागचं सगळं सांगते.

डोळा हा फक्त दरवाजा. त्यातून आलेला निरोप नसेतून जातो, वाटेत अर्धा इकडचा तिकडे होतो, आणि शेवटी डोक्याच्या मागच्या बाजूला, जिथे बाळाला उशीवर ठेवतो बरोबर तिथल्या मेंदूत पोचतो. तिथल्या पेशी जाग्या झाल्या की अगदी बारीक वीज उमटते. ती कवटीतून आणि कातडीतून झिरपत बाहेर येते, आणि आम्ही ती चांदीच्या छोट्या वाटीसारख्या इलेक्ट्रोडने टिपतो. नाकाच्या मुळापासून डोक्याच्या मागच्या हाडाच्या उंचवट्यापर्यंत टेप लावायची. तुमच्या मुलीचं ते अंतर समजा २८ सेंटीमीटर भरलं, तर उंचवट्यापासून त्याच्या दहा टक्के, म्हणजे २.८ सेंटीमीटर वर मुख्य इलेक्ट्रोड लागतो. नजरेच्या अगदी मधल्या भागाचं चित्र मेंदूत याच जागेच्या जवळ उमटतं, म्हणून ही जागा.

अडचण अशी की मेंदू कधी गप्प बसत नाही. हान्स बर्गरनं १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूची वीज पहिल्यांदा कागदावर उतरवली, तेव्हापासून हे माहीत आहे. मोठ्या माणसात उजेडाला मिळणारं उत्तर असतं पाच-दहा मायक्रोव्होल्टचं, आणि मेंदूची स्वतःची कुजबुज त्याच्या कितीतरी पट मोठी. तुम्ही किनाऱ्यावरचे आहात, म्हणून असं सांगते. पावसाळ्यात समुद्राची गाज चालू असताना लांबच्या देवळातली घंटा ऐकू येत नाही. पण घंटा नेमकी कधी वाजते हे तुम्हाला माहीत असेल, तर दर घंटेच्या क्षणापासून अर्धा सेकंद आवाज मुद्रित करा आणि असे शंभर तुकडे एकावर एक ठेवून त्यांची सरासरी काढा. गाज प्रत्येक वेळी वेगळी, ती एकमेकींना खोडते. घंटा दर वेळी त्याच जागी, ती टिकते. शंभर तुकड्यांत गाज एक दशांशावर येते. व्हीईपी म्हणजे एवढंच: उजेडाची घंटा आम्ही वाजवतो, आणि मेंदूच्या गाजेतून तिचा आवाज वेगळा काढतो.

घंटा दोन प्रकारे वाजवता येते, आणि तुमच्या प्रश्नाची खरी गाठ इथेच आहे.

पहिला प्रकार फ्लॅश. डोळ्यांसमोर लख्ख प्रकाश चमकवायचा. तो मिटलेल्या पापण्यांतूनही आत जातो, म्हणून झोपलेल्या बाळावर करता येतो. मोठ्या माणसात त्याची ठळक लाट, म्हणजे पी-२, १२० मिलीसेकंदांच्या आसपास येते. पण विचार करा, पापणी मिटून, चित्र नसलेला, नुसता उजेड. मोतीबिंदूने पांढरी झालेली बाहुली असली तरी हा उजेड आत शिरतो आणि उत्तर येतं. म्हणून फ्लॅशवरून इतकंच कळतं की वाट उघडी आहे. त्या वाटेने काय काय जाऊ शकतं, ते कळत नाही.

दुसरा प्रकार पॅटर्न. पडद्यावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे चौकोन, आणि सेकंदाला दोनदा काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं. एकूण उजेड तितकाच राहतो, बदलते फक्त नक्षी. म्हणजे मेंदूला उत्तर द्यायचं असेल तर त्याला नक्षी ‘दिसावी’ लागते. मोठ्या माणसात याची मुख्य लाट १०० मिलीसेकंदांच्या जवळ येते, म्हणून तिचं नाव पी-१००. चौकोन दोन मापांचे ठेवतात, एक अंशाचा आणि पाव अंशाचा. एक मीटरवर बसलं तर मोठा चौकोन साडेसतरा मिलीमीटरचा, लहान साधारण साडेचार मिलीमीटरचा. मोठ्याला उत्तर आलं आणि लहानाला आलं नाही, तर नजर ढोबळमानाने कुठे आहे याचा अंदाज येतो.

याच वाटेवरची पुढची पायरी म्हणजे स्वीप व्हीईपी. क्रिस्टोफर टायलर आणि अँथनी नॉर्शिया या संशोधकांनी ती बाळांसाठी रुजवली. पट्ट्या रुंद ते बारीक अशा दहाएक सेकंदांत भराभर बदलत जातात, आणि मेंदूचं उत्तर कोणत्या बारकीपर्यंत टिकतं ते बघतात. ‘किती दिसतं’ या तुमच्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळ जाणारी चाचणी हीच. १९८५ च्या त्यांच्या मोजमापात पहिल्या महिन्यातल्या बाळांची नजर एका अंशात साडेचार पट्टी-जोड्यांइतकी आली, आणि आठव्या महिन्यानंतर वीसच्या जवळ गेली. ३० म्हणजे आपल्या तक्त्यावरचं ६/६, यावरून अंदाज घ्या.

पण लगेच एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर उद्या तुमचीच फसगत होईल. स्वीपचा आकडा बाळाच्या वागण्यातल्या नजरेपेक्षा बहुतेक वेळा वरचा येतो. टेलर कार्डं म्हणून राखाडी पुठ्ठे असतात, एका बाजूला पट्ट्या, दुसरी कोरी. बाळ पट्ट्यांकडे वळतं का ते बघायचं. त्याच बाळाची कार्डांवरची नजर स्वीपपेक्षा बरीच कमी भरते. दोन्ही मापं खरी. एक मोजतं की निरोप कुठवर पोचला, दुसरं मोजतं की बाळाने त्या निरोपाचं काय केलं. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडलेल्या मुलांत ही दरी आणखी रुंद असू शकते.

मी माझ्या टेबलावर दोन्ही टोकं पाहिली आहेत. गुहागरकडच्या एका मच्छीमार घरातला मुलगा, आठ महिन्यांचा. फ्लॅशला जवळजवळ सरळ रेषा. त्याच्या आईसमोर तो कागद ठेवताना माझा हात जड झाला होता. सव्वा वर्षाने तो परत आला तेव्हा टेबलावरच्या केशरी झाकणाकडे हात टाकत होता, आणि मोठ्या चौकोनांना त्याच्या मेंदूचं उत्तर स्पष्ट आलं. दुसरी एक मुलगी, फ्लॅशची लाट पुस्तकात छापावी अशी सुबक, आणि तरीही तीन वर्षांची झाली तरी गर्दीत आईला नजरेने शोधू शकत नव्हती. म्हणून फ्लॅश आहे म्हणून निर्धास्त व्हायचं नाही आणि नाही म्हणून आशा सोडायची नाही, हे मी प्रत्येक घराला पहिल्याच दिवशी सांगते.

आता ‘डिलेड’कडे येऊ.

उशिरा येणाऱ्या लाटेला इतकं महत्त्व का, तर १९७२ मध्ये हॅलिडे, मॅकडोनाल्ड आणि मुशिन यांनी दाखवलं की डोळ्याच्या नसेला सूज येऊन गेली की नजर सुधारली तरी लाट उशिराच येत राहते. तेव्हापासून उशीर म्हणजे नसेचं आवरण बिघडलं, हे समीकरण डॉक्टरांच्या मनात पक्कं आहे. मोठ्या माणसात ते चांगलं लागू पडतं. बाळात नसेचं आवरण अजून चढतच असतं. नवजात बाळाची लाट मोठ्यांच्या मानाने खूप उशिरा येते आणि महिन्यागणिक लवकर येऊ लागते. म्हणजे १५८ हा आकडा कशाच्या तुलनेत उशिरा, हा पहिला प्रश्न. मशीनमध्ये मोठ्या माणसांचे आकडे भरलेले असतात आणि बाळाचा रिपोर्ट त्यांच्याशीच ताडून छापला जातो, हे मी अनेकदा पाहिलंय. त्यात तुमची मुलगी सहा आठवडे आधी जन्मली. या चाचण्यांत वय जन्मतारखेपासून धरत नाहीत, जन्माला यायला हवं होतं त्या तारखेपासून धरतात. त्या हिशेबाने ती सात महिन्यांची नसून साडेपाच महिन्यांची आहे. रिपोर्टवर कोणतं वय घातलंय ते आजच बघा.

शिवाय ती औषधाने झोपलेली होती. झोप आणि झोपेचं औषध दोन्ही लाटेचा आकार आणि वेळ बदलतात. फ्लॅशची लाट तशीही माणसामाणसांत खूप वेगळी असते, त्यामुळे तिच्या एका आकड्यावर निदान उभं करता येत नाही. डावा आणि उजवा डोळा यांत मोठा फरक असता तर मी जास्त कान टवकारले असते. तुमच्या रिपोर्टमध्ये दोन्ही सारखे आहेत असं तुम्ही लिहिलंय, ते जमेला धरा.

आणि मशीनचाही हात असतो. मी आधी जिथे काम करायचे तिथे जुना काचेच्या नळीचा मॉनिटर बदलून पातळ एलसीडी आला. पुढच्या आठवड्यात आलेल्या प्रत्येकाची लाट थोडी उशिरा. मी दोन पेशंटना ‘डिलेड’ लिहून दिलं होतं. तिसऱ्या दिवशी स्वतःच खुर्चीत बसले, सहकाऱ्याने माझीच चाचणी घेतली, आणि माझी लाटही उशिरा! एलसीडी नक्षी बदलायला काही मिलीसेकंद जास्त घेतो, तो उशीर पडद्याचा होता. त्या दोघांना फोन करून बोलावलं, पुन्हा तपासलं, माफी मागितली. तेव्हापासून मी म्हणते, जिथे चाचणी कराल तिथे विचारा, ‘तुमच्या स्वतःच्या मशीनवर घेतलेले नॉर्मल आकडे आहेत का, आणि या वयाच्या बाळांचे आहेत का?’ हा प्रश्न विचारणं उद्धटपणा नाही. चांगली लॅब आनंदाने उत्तर देते.

इथवरचं एकत्र करते. वाट उघडी आहे. उशीर आहे की नाही, ते या एका कागदावरून ठरत नाही. नजर किती, ते अजून कुणी मोजलेलंच नाही. आणि डोळे आतून चांगले, जन्माच्या वेळचा इतिहास असा, हलत्या उन्हाकडे टक पण चेहऱ्याकडे नाही, हे सगळं मिळून माझ्या मनात पहिला विचार येतो तो मेंदूत नजर उमटण्यातल्या अडचणीचा. डॉक्टर त्याला सीव्हीआय म्हणतात. उजेडाकडे टक लावणं, हललेलं दिसणं आणि स्थिर न दिसणं, चेहऱ्यासारखं गुंतागुंतीचं चित्र टाळणं, ही त्या मुलांची ओळखीची खूण. दुसरी शक्यता नुसती उशिरा जागी होणारी नजर, जी काही महिन्यांत आपोआप मार्गावर येते. दोन्हींतलं कोणतं, ते मी इथे बसून सांगणार नाही. ते मुलांच्या मेंदूचे डॉक्टर बघून, गरज लागली तर एमआरआय काढून ठरवतील. तिसरी गोष्ट साधी आहे आणि हमखास राहून जाते: चष्म्याचा नंबर. अशा मुलांत मोठा नंबर पुष्कळदा सापडतो. बाहुल्या मोठ्या केल्या तेव्हा नंबर काढला का, हे डॉक्टरांना विचारा.

एक गोष्ट मात्र थांबायची नाही. झोपेतून उठल्यावर ती एकदम पुढे वाकल्यासारखी, हात उडवल्यासारखी दचकते का, आणि अशा दचकण्या एकामागोमाग एक येतात का? साधारण तीन ते आठ महिन्यांच्या वयात एका प्रकारच्या झटक्यांची सुरुवात अशीच होते, आणि त्यात बाळाची नजर हरवल्यासारखी होते. घरचे त्याला पोटदुखी समजतात. असं काही दिसलं तर मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी मुलांच्या डॉक्टरांकडे जा, व्हीईपीची तारीख असो वा नसो. त्या झटक्यांच्या उपचारात आठवडे वाया जाऊ देऊ नयेत.

आता दुसऱ्या चाचणीबद्दल, कारण ती नीट व्हावी असं मला मनापासून वाटतं. या चाचणीतल्या अर्ध्या चुका मशीनपर्यंत पोचायच्या आधीच होतात.

आत्ता लगेच धावू नका. दीड-दोन महिने जाऊ द्या. दोन चाचण्यांमधला फरक हाच बाळाच्या बाबतीत सगळ्यात बोलका असतो, कोणत्याही एका आकड्यापेक्षा. जायच्या आधी फोन करून विचारा: पॅटर्न व्हीईपी जागेपणी बाळावर करता का, आणि स्वीप होते का? स्वीप सगळीकडे नसते. नसली तरी मोठ्या आणि लहान चौकोनांची पॅटर्न आणि टेलर कार्डं मिळाली तरी खूप. डोळे थरथरत असतील तर तेही सांगा, कारण मग चौकोन उलटेपालटे करण्याऐवजी नक्षी क्षणभर दाखवून पुसण्याची पद्धत वापरावी लागते.

तुतारी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून सकाळी दादरला उतरायचं आणि थेट चाचणीला जायचं, असं करू नका. पेंगुळलेलं बाळ पडद्याकडे बघत नाही, आणि न बघितलेल्या नक्षीला उत्तर येत नाही. एक दिवस नातेवाइकांकडे थांबा. तिची सगळ्यात टवटवीत वेळ कोणती, सकाळी दूध पिऊन झाल्यावरची की दुपारच्या झोपेनंतरची, ती सांगून तीच वेळ मागून घ्या. आणि हे नक्की लक्षात ठेवा: त्याच दिवशी डोळ्यांत थेंब घालायचे असतील तर आधी व्हीईपी, मग थेंब. बाहुल्या मोठ्या झाल्या की नक्षी धूसर होते आणि चाचणी वाया जाते. लांबून आलेल्या माणसांचं सगळं एका दिवसात उरकावं म्हणून पोरांच्या डोळ्यांत आधीच थेंब घातलेले असतात, आणि मला त्यांना परत पाठवावं लागतं. त्यांचा चेहरा बघवत नाही.

खोलीत काय होतं ते सांगते, म्हणजे आई घाबरणार नाही. सुई नाही, शॉक नाही. कातडी खरवडीच्या मलमाने जरा पुसायची, इलेक्ट्रोडमध्ये पेस्ट भरायची, तीन ठिकाणी चिकटवायचे. खोलीत मंद उजेड. आई बाळाला मांडीवर घेऊन पडद्यासमोर बसते, पाठ टेकून, मान आधाराने. मान सैल हवी. मानेचे स्नायू ताठले की त्यांची वीज मेंदूच्या विजेला गिळते. चोखणी किंवा बाटलीही मी तेवढा वेळ बाजूला ठेवते, चोखताना सगळा आलेख उडतो. माझी सहकारी पडद्याच्या वर एक छोटा घुंगरू धरते आणि बाळाच्या डोळ्यांकडे बघत बसते. पडद्याचं प्रतिबिंब बाहुलीच्या मध्यात आलं की ती मान हलवते, मी नोंद सुरू करते. नजर हलली की थांबते. सेकंदाला दोन पलट्या, म्हणजे शंभर तुकड्यांना पन्नास सेकंद लागायला हवेत. बाळावर त्याला दहा मिनिटं लागतात. तेच माप दोनदा घ्यायचं, आणि दोन रेघा एकमेकींवर बसल्या तरच विश्वास ठेवायचा. रिपोर्टसोबत रेघा मागा. नुसते आकडे छापलेला कागद मला कुणी दाखवला तर मी त्यावर काही बोलू शकत नाही.

आपल्या भागातली एक गोष्टही सांगते. जांभ्या दगडाच्या जमिनीत अर्थिंग उन्हाळ्यात सुकतं, आणि मग घरातल्या लायनीची ५० हर्ट्झची वीज आमच्या नोंदीत शिरते, सगळी रेघ काटेरी होते. एप्रिल-मेमध्ये मी सकाळी आल्या आल्या अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी घालते. खोलीत पंखा, मोबाइल चार्जर, इन्व्हर्टर बंद. घामानेही रेघ हळूहळू तरंगत वर-खाली जाते, म्हणून चाचणीच्या आधी बाळ गार हवेत असावं. इथल्या जवळच्या एखाद्या ठिकाणी चाचणी करणार असाल, तर शक्यतो वैशाखातली दुपार टाळा.

आणि तोवर घरी काय करायचं? तुमच्या जिल्हा रुग्णालयात मुलांसाठी लवकर उपचाराचं केंद्र, डीईआयसी, आहे का विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, म्हणजे २०१३ पासून, जिल्ह्याच्या पातळीवर ही केंद्रं उभी राहिली. तिथे नाव नोंदवा. पण तिथली तारीख येईपर्यंतही तुमच्या हातात बरंच आहे. मेंदूत नजरेची वाट पहिल्या वर्षा-दोन वर्षांत घडत असते, आणि ती वापरली की घडते.

मी घरांना असं सांगते. माजघरातली शांत जागा निवडा, टीव्ही बंद. काळी घोंगडी किंवा गडद चादर भिंतीवर लावा. तिच्यासमोर एकच वस्तू धरा, पिवळी प्लॅस्टिकची वाटी किंवा लाल कापडाची गुंडी. हातभर अंतरावर धरा, हळूच हलवा, आणि थांबा. बोलू नका, घुंगरू वाजवू नका. तुमची मुलगी आवाजात हुशार आहे. आवाज आला की ती कान लावेल आणि डोळे सोडून देईल. अर्धा मिनिट थांबावं लागेल, कधी एक मिनिट. या मुलांना बघायला वेळ लागतो, आणि आपण घाईने वस्तू काढून घेतो. नजर वळली, एक क्षणही, की मग बोला, हसा, वाटी हातात द्या. दिवसातून चार-पाच वेळा, पाच-पाच मिनिटं. तीच वाटी, आठवडाभर. खुळखुळे टांगलेलं रंगीबेरंगी झुंबर पाळण्यावरून काढून टाका. तिच्यासाठी ती फक्त गर्दी आहे.

झावळांतल्या उन्हाकडे बघते, त्याचाही उपयोग करा. तिला पडवीत अशी बसवा की ऊन तिच्या पाठीमागून, तिच्या खांद्यावरून तुमच्या चेहऱ्यावर पडेल. आईने कपाळाला ठळक लाल कुंकू लावावं, साधी गडद साडी किंवा गाऊन घालावा, फुलाफुलांचा नको, आणि चेहरा हळू डावीकडे-उजवीकडे न्यावा. बऱ्याच मुलांची आईवर पहिली नजर मी अशीच, हलत्या कुंकवावर लागलेली पाहिली आहे.

एक वही करा. तारीख, वस्तू, अंतर, नजर वळायला लागलेला वेळ. आठवड्यातून एकदा दहा सेकंदांचा व्हिडिओ, त्याच जागी, त्याच वाटीसोबत. ही वही आणि हे व्हिडिओ पुढच्या चाचणीला घेऊन जा. वाकडीतिकडी रेघ वाचताना मला त्यांची जितकी मदत होते तितकी दुसऱ्या कशाची होत नाही. रेघेत मोठ्या चौकोनांचं उत्तर आहे आणि वहीत लाल गुंडीकडे नजर वळते आहे, असं दोन्ही जुळलं की मी धीराने बोलू शकते.

आजींना सांगा, उजेड पोचतोय, आणि चित्र किती पोचतं ते मोजायला आम्ही दोन महिन्यांनी जाणार आहोत. त्यांच्यासाठी आणखी एक निरोप आहे. चाचणीच्या आदल्या रात्री मुलीचं डोकं शाम्पूने दोनदा धुवा, आणि त्या सकाळी टाळू भरू नका. नारळाच्या तेलाने इलेक्ट्रोड चिकटत नाही, अडथळा पाच किलोओहमच्या खाली येत नाही, आणि मग मला त्या कोवळ्या डोक्यावर तीन-तीनदा घासावं लागतं. चाचणी झाली, पेस्ट कोमट पाण्याने पुसली, की त्याच संध्याकाळी खुशाल टाळू भरा.